बादलीतला कांदा

वसंत पंचमी माघात येते आणि पंचांगातला वसंत ऋतू थेट चैत्रात. मधल्या दिवसांत फुलायचं की थांबायचं, हे झाडांना कोणी सांगत नाही. त्यामुळे आमच्या विंचूरच्या परसात जो तो आपल्या मर्जीने चालतो. शेवगा पांढऱ्या फुलांचा सडा घालून मोकळा होतो. शेवंती वाळून गेली तरी जागा सोडत नाही. मोगऱ्याची पानं खुडून त्याला पाण्याचा ताण दिलाय, तो अजून रुसलेलाच आहे. द्राक्षाच्या पट्ट्यात राहिलं की छाटणीचे सल्ले न मागता मिळतात. ते ऐकले असते तर परसात नुसते खुंट उरले असते.

यंदा मात्र भाव खाल्ला तो कांद्याने. दिवाळीच्या सुमारास टोपलीतल्या एका कांद्याला मोड आला, तो बायकोने फुटक्या बादलीत माती घालून खोचला. निफाडची थंडी माणसाला नको नको करते, पण कांद्याला फुलायला तीच लागते. माघात हिरवा पोकळ दांडा वर आला, मध्येच पोट सुटल्यासारखा फुगीर. टोकाला कागदासारख्या पातळ पापुद्र्याची टोपी. ती फाटली आणि आतून शेकडो चिमुकल्या चांदण्यांचा गेंद निघाला. एकेका फुलाला सहा पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध हिरवी रेघ. ऊन वर आलं की मधमाश्या हजर.

शेजारचे आबा फाटकातूनच म्हणाले, "मास्तर, डेंगळा आलाय की! उपटा आधी."

"फूल आहे आबा ते."

आबांनी माझ्याकडे जरा कणवेनेच पाहिलं. त्यांचंही चुकत नाही. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार ज्या गावात आहे, तिथे कांद्याचं फूल म्हणजे नुकसान. दांडा मधून गेलेला कांदा चाळीत टिकत नाही आणि व्यापारी तो बाजूला काढतो. फुललेल्या शेताकडे बघून आनंद होतो तो फक्त रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्यांना.

मग आबांना वेगळीच शंका आली. "बियाला धरलाय का? मग राहू द्या. औषध मात्र मारू नका, माश्या मरतील."

बियाण्याच्या प्लॉटात याच फुलाची बडदास्त असते. दुसऱ्या वाणाचा परागही नको म्हणून तो प्लॉट लांब ठेवतात, आणि मधमाश्या कमी पडल्या तर काहीजण त्यांच्या पेट्या आणून ठेवतात. आता आबा रोज बादलीशी थांबतात. मोगऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

तुमच्या टोपलीत मोड आलेला कांदा सापडला, तर एखादा कुंडीत लावून बघा. पण दिवाळीच्या आसपास. फाल्गुनात लावलात तर फूल विसरा, पात तेवढी पिठलं-भाकरीबरोबर खा.