पेटी

वडिलांच्या चेतकला डिकी होती, स्टेपनी होती, शिवाय पुढे मला उभं राहायला जागा होती. माझ्या इलेक्ट्रिक मोटरसायकलला यातलं काही नाही. पेट्रोलच्या टाकीसारखं दिसतं, ते नुसतं दिसतं. हिरवी नंबरप्लेट मिरवत मंडईतून परतताना हँडलला लटकलेली कोथिंबीर गुडघ्याला लागते. शेवटी बायको म्हणाली, "अरे, मागे एखादी पेटी बसवून घे."

नाना पेठेतल्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून डॉक्टरी सुरात सांगितलं, "हिला कॅरिअर येत नाही." मग क्षणभर थांबून दुसऱ्याच गाडीचं काढून दिलं. "थोडी कानस मारली की बसेल." पेटीही त्यानेच गळ्यात मारली. या पेट्यांतलं बडं नाव म्हणजे इटलीची गिवी. ज्युसेप्पे विसेंझी या मोटरसायकल शर्यतपटूने ती कंपनी १९७८ साली काढली. वाऱ्याशी झुंजणाऱ्या माणसाला सामानाची पेटी सुचावी, म्हणजे त्यालाही घरून कोणीतरी कोथिंबीर आणायला सांगितलं असणार. माझी पेटी मात्र त्या घराण्यातली नव्हती.

रविवारी पार्किंगमध्ये बसलो. दहाचा पाना सापडेपर्यंत शेजारचे काका प्लास्टिकची खुर्ची घेऊन हजर. तीन बोल्ट मी मन लावून आवळले. चौथ्याचं भोक अर्धा सेंटीमीटर पलीकडे. "ड्रिल मारू," काका म्हणाले. सीटखालून कसल्या कसल्या वायरी जातात आणि वॉरंटीही तिथूनच जाते. मी आडवा पडलो. शेवटी तिन्ही बोल्ट सैल केले, तेव्हा चौथा निमूट आत गेला. चारही बोल्टना आधी दोन-दोन आटे द्यायचे आणि मग तिरपे-तिरपे आवळत जायचं, हे ज्ञान काकांनी तोवर राखून ठेवलं होतं.

झाकणाच्या आत बारीक अक्षरं होती : कमाल वजन ३ किलो. मागच्या चाकाच्याही मागे लोंबणारं वजन सी-सॉसारखं पुढचं चाक हलकं करतं, म्हणून ही अट. पटलं. पण चार्जर ठेवल्यावर पेटीत रेनकोट आणि कोथिंबीर एवढंच मावतं. बटाटे घ्यायचे तर पुन्हा हँडलच.

खरा प्रकार सोमवारी कळला. पेट्रोलच्या गाडीवर इंजिनच्या धडधडीत सगळं खपून जातं. ही गाडी मुकी, त्यामुळे वाजते ती पेटीच. तीसच्या वेगाला काळी दोन, चाळीसला पांढरी चार आणि गतिरोधकावर तिहाई. आठवडाभर ही बैठक सोसली. मग काकांच्या देखरेखीखाली रबराचे वायसर घातले, नायलॉनवाले नट बसवले. पेटी गप्प झाली.

तर सोसायटीच्या फाटकात मधोमध गप्पा मारणाऱ्या काकू हलेनात. इतके दिवस पेटी ऐकून बाजूला होत होत्या म्हणे. हॉर्न दिला, तर दचकून रागावल्या. आता मी तो दहाचा पाना पेटीत सुटाच ठेवतो. काळी दोन लागत नाही, पण काकू हलतात.