गच्चीवरचा कानसेन

जोगेश्वरी पूर्वेला, मेघवाडी-मजासवाडीच्या बाजूला, जरा जुनी सोसायटी असली की तिथे एक सेक्रेटरी असतो, एक कायमचा थकबाकीदार असतो आणि एक कानसेन. हा कानसेन गाणं ऐकत नाही, उपग्रह ऐकतो.

हातात पीव्हीसी पाइपला सुताराच्या मोजपट्टीचे तुकडे बांधलेली अँटेना, गळ्यात हेडफोन आणि मागे गच्चीची किल्ली परत मागणारे सेक्रेटरी.

‘अहो, सहाव्या मजल्यावर गळतंय ते तुमच्या या काठीमुळेच!’

कानसेन ढिम्म. अवकाश स्थानक उगवलेलं असतं आणि दहाएक मिनिटांत मावळणार असतं. सेक्रेटरी काय, उद्याही आहेत. 145.800 मेगाहर्ट्झ. येताना तीनेक किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढंच खाली. जोगेश्वरीला न थांबणाऱ्या फास्ट लोकलच्या भोंग्यासारखं. कधीमधी स्थानकावरून चित्रंही येतात, पण याच्या प्रत्येक चित्राचा खालचा भाग मुंग्यांनी भरलेला. पूर्वेला पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिलाय ना! बिल्डरने कार्पेट एरिया वाढवून दिला आणि क्षितिज घेऊन गेला.

हा फक्त ऐकतो. बोलायला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा. ती पुढच्या वर्षी नक्की. ‘व्हीयू’ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनसाठी दारावरच्या पाटीत जागा मात्र आत्ताच सोडून ठेवलीय. पाहुण्यांना वाटतं, आडनाव पुसलं गेलंय.

2025 साल त्याला वाईट गेलं. 137 मेगाहर्ट्झवर टिक-टॉक करत ढगांची चित्रं पाठवणारे अमेरिकेचे तीन जुने हवामान उपग्रह पाठोपाठ बंद झाले. जूनमध्ये नोआ-18, ऑगस्टात नोआ-19 आणि आठवडा उलटायच्या आत, 19 ऑगस्टला, नोआ-15. त्या दिवशी मुंबई तुंबलेली, लोकल ठप्प, सगळी बिल्डिंग घरात. जिन्यात पाणी किती चढलं ते बघायला आलेल्या शेजारच्या काकूंना कानसेनाचा चेहरा दिसला.

‘काय हो, कोण गेलं?’

‘पंधरा नंबर. शेवटचा.’

काकूंना नंबर कळला नाही, शेवटचा कळलं. ‘वय काय होतं?’

‘सत्तावीस.’

‘अगं बाई! काय झालं होतं?’

‘काही नाही, वयच झालं होतं.’

संध्याकाळी काकूंनी पिठलं-भाताचा डबा पाठवला. कानसेनाने नको म्हटलं नाही. उलट, नोआ-18 आणि 19 गेले तेव्हा काकू कुठे होत्या, असं तो बायकोला विचारत होता.