पाच टक्क्यांची उदारता

स्वस्त चिनी फोनशी पहिली भेट झकासच होते. काच चकचकीत, कॅमेऱ्याचे आकडे भारदस्त, आणि किंमत अशी की कंपनी पदरचे पैसे घालतेय की काय, असं वाटावं. शाओमीचा रेडमी १एस २०१४ साली भारतात ५,९९९ रुपयांना आला, तेव्हा ऑनलाइन विक्रीत तो काही सेकंदांत संपायचा. पुढे २०१८ मध्ये कंपनीचे प्रमुख लेई जून यांनी जाहीर केलं, की हार्डवेअरवर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही. साक्षात कर्णच! फक्त कर्णाने कवचकुंडलांत जाहिराती भरून दिल्या नव्हत्या. इंटरनेट सेवा आणि जाहिराती हा कमाईचा दुसरा मार्ग आहे, हे कंपनीनेही लपवलेलं नाही. म्हणून तर साधी फाइल शोधायला जावं, तर कर्ज देणारं ॲप आधी दर्शन देतं.

‘जाहिराती बंद करता येतात की!’ येतात ना. सेटिंग्जमध्ये, एकेका ॲपच्या पोटात शिरून, ‘शिफारशी’ अशा सोज्वळ नावाखाली. ‘पण याच फोनमुळे गरिबाच्या हाती इंटरनेट आलं,’ हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि म्हणूनच जास्त बोचतो. ज्याच्या फोनमध्ये जागा सर्वांत कमी, त्याच्याच माथी न मागितलेली ॲप्स सर्वांत जास्त. महागड्या फोनवाल्याला त्याच्या फाइल्स निमूटपणे सापडतात. त्याला कर्जाची गरज नाही, हे बहुधा गृहीतच धरलेलं असतं.