राजकुमारी, राईस आणि मी

भाच्यानं माझ्या मोबाइलमध्ये ‘मॉन्युमेंट व्हॅली’ टाकून दिली आणि पुण्याची गाडी पकडली. जाताना म्हणाला, “मामा, यात कुणी मरत नाही, घड्याळही लावलेलं नाही. निवांत खेळा.” निवांतपणाला लातूर जिल्ह्यातल्या आमच्या निलंग्यात कधी तोटा नव्हता, त्यामुळे मी फारसा भारावलो नाही.

खेळ लंडनचा, २०१४ सालचा. इडा नावाची टोकदार टोपीवाली राजकुमारी गुलाबी मनोऱ्यांवरून चालते. आपण चाक फिरवायचं, कमान वळवायची. दोन कठडे जुळलेले दिसले की जुळलेच. मध्ये दरी का असेना!

सकाळी गाड्यावर निलंगा राईस खाताना मी हे चाक फिरवत होतो. बोटाला तेल, चाक घसरतंय, इडा तिथंच. शेजारचा दोस्त वाकून बघायला लागला.

“काय करूलालाव अण्णा?”

“पोरीला त्या दारात न्यायचंय.”

“रस्ता कुठंय पण?”

“रस्ता नाही. दिसला की होतो.”

त्यानं घास गिळला. “मंग आपल्या गल्लीचाच हाय की! नकाशात जुळलाय.”

या करामतींचं मूळ डच चित्रकार एशर. १९६१च्या त्याच्या एका चित्रात पाणी पाटानं चढत जातं, वरून कोसळतं आणि पुन्हा चढायला लागतं. जग म्हणतं, अशक्य. मला नवल वेगळंच वाटलं: मोटार कुठं बसवलीय? २०१६च्या एप्रिलात, दुष्काळात, लातूरला मिरजेहून पाणी आलं ते रेल्वेनं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. रुळावरून आलेलं पाणी बघितलेल्या माणसाला एशर काय घाबरवणार?

घाबरवतात ते कावळे. या खेळात ते मारत नाहीत. नुसते वाटेत उभे राहून कावकाव करतात. पितृपक्षात पान वाढून हाका मारल्या तर एक फिरकत नाही, आणि इथं बिनबोलावता रांग!

संध्याकाळी नीलकंठेश्वराच्या देवळात गेलो. त्या दगडी भिंतीला कोपऱ्यामागून कोपरा. कुठून बघितलं की दोन कोपरे एक होतात, हे शोधायला मी मान तिरकी करून सरकत होतो. एका आजींनी थांबून विचारलं, “मान धरली का बाळा? मोहरीचं तेल लाव.”

लावलं. खेळाची प्रकरणं एकूण १० आहेत, मी चौथ्यात अडकलोय. भाचा दिवाळीला येणार आहे.