ट्यूब उलटी करून वाचा

"मावशी, सॅलिसिलिक चांगलं की नायसिनामाइड?" भाचीनं विचारलं. ती लातूरहून यूपीएससीसाठी दिल्लीला आलीय, ओल्ड राजेंद्र नगरच्या एका खोलीत राहते. घरच्यांच्या मते चेहऱ्यावरचे मुरूम म्हणजे तिला दिल्लीचं पाणी लागलं. मी तिचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, उत्तर नंतर देते, आधी टेबलावर जे जे आहे ते इकडे आण.

चार बाटल्या आल्या आणि एक ट्यूब. अर्धी संपलेली, शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेली. उलटी केली, चष्मा लावला. हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. बाजूला लाल पट्टी: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

"चिठ्ठी कुणाची?"

"चिठ्ठी नाही गं. खालच्या केमिस्टनं दिली. म्हणाला, तीन दिन में साफ."

तीन दिवसांत चेहरा खरोखर साफ झाला होता. सगळा घात तिथेच आहे. मोमेटासोन हे स्टिरॉइड. ते सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, लाली उतरते, आरशात बरं वाटतं. मुरमाचं मूळ मात्र जागच्या जागी राहतं. आठवडे उलटले की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, ऊन सोसत नाही आणि मुरूम दुप्पट जोमानं उठतात. ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. कोलकात्याचे डॉक्टर कौशिक लाहिरी आणि अरिजित कुंडू यांनी 2008 साली या अवस्थेला नावच दिलं: स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा. 2011 साली देशातल्या अनेक केंद्रांची पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण स्टिरॉइडचं मलम लावत होते. त्यांच्यात सर्वाधिक दिसलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम. ज्यासाठी लावलं, तेच वाढलं.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. बाहेरून लावायच्या मलमांना शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, वर्षानुवर्षं सवलत होती. मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइडांच्या मलमांची ती सवलत काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली. त्यांत स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमंही होती. भगीरथ पॅलेससारखा औषधांचा ठोक बाजार याच शहरात, आरोग्य मंत्रालय याच शहरात. आणि तिथून काही किलोमीटरवर बावीस वर्षांच्या मुलीला लाल पट्टीची ट्यूब चॉकलेटसारखी हातात मिळते. कायदा केला, गल्लीत पोचवला नाही. हा सरळ नाकर्तेपणा आहे.

आता बाटल्यांकडे वळू, कारण भाचीचा प्रश्न रास्त होता.

सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलकट छिद्रात उतरून आतलं बूच मोकळं करतं. अर्धा ते दोन टक्के पुरे. काळ्या-पांढऱ्या बारीक पुटकुळ्यांना उपयोगी, मोठ्या दुखऱ्या गाठींपुढे त्याचं फारसं चालत नाही. नायसिनामाइड म्हणजे ब जीवनसत्त्वाचं एक रूप. 1995 सालच्या, 76 रुग्णांच्या एका चाचणीत त्याचं 4 टक्क्यांचं जेल 8 आठवडे वापरलं, तेव्हा ते क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या जेलइतकंच उतरलं. चार टक्क्यांत जे साधलं, त्यासाठी दहा टक्क्यांची बाटली घेऊन चेहरा चरचरून घ्यायचं काय कारण? बाटलीवरचा मोठा आकडा विक्रीसाठी असतो.

मला विचाराल तर बेन्झॉइल पेरॉक्साइड या सगळ्यांत खमकं. मुरमातले जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. प्रतिजैविकाचं तसं नाही, म्हणून क्लिंडामायसिन एकटं दीर्घकाळ लावू नये. अडीच टक्के जवळजवळ दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि आग कमी करतं. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे घ्या, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. तापलं की त्यातून बेन्झीन तयार होऊ शकतं, हा मुद्दा 2024 साली अमेरिकेत ऐरणीवर आला. दिल्लीच्या मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत खिडकीशी ट्यूब ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

अडापॅलीन छिद्रं बुजूच देत नाही, मुरमाच्या मुळाशी जातं. पण पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते, फळ दिसायला तीन महिने लागतात, आणि दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर ते लावायचं नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा अझेलाइक आम्ल सुचवतात. मागे राहणारे काळे डागही ते फिके करतं, आणि आपल्या सावळ्या त्वचेला ही गोष्ट फार मोलाची. लिंबू आणि टूथपेस्ट स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरातच राहू द्या.

हे सगळे घटक हळू आहेत. सहा ते बारा आठवडे. तीन दिवसांचा वायदा करणारी ट्यूब दिसली की तिथेच संशय घ्या.

लेबल वाचायची खूण सोपी आहे. घटकाच्या नावाचा शेवट 'सोन' किंवा 'सोल' असा दिसला, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ते बहुधा स्टिरॉइड. मुरमांवर स्टिरॉइड लावायचं नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्यावरचे घटक उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पण 60 मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीला यादीतून सूट आहे, आणि सीरम विकलं जातं 30 मिलिलिटरच्या बाटलीत! सर्वात महाग थेंबांना सर्वात कमी जाब. ही सूट काढलीच पाहिजे. तोवर जी कंपनी घटक छापत नाही, तिची बाटली परत ठेवा.

भाचीला मी राममनोहर लोहिया रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत घेऊन गेले. रांग लांब होती, अर्धा दिवस गेला, तिचा एक टेस्ट पेपर बुडाला. डॉक्टरांनी ट्यूब पाहिली आणि ती टप्प्याटप्प्यानं कशी सुटेल ते लिहून दिलं. महिने लागतील म्हणाले.

राजेंद्र नगरात, मुखर्जी नगरात, करोल बागेत आपली कितीतरी मुलं-मुली राहतात. तुमचं कुणी तिथे असेल तर आज फोन करा. जेवलीस का, हे विचाराच. मग चेहऱ्याला काय लावतेस तेही विचारा आणि ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. 'सोन' किंवा 'सोल' दिसलं, तर ट्यूब एकदम फेकायला सांगू नका, ती घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा.