फायनल-नवीन-२

चेंबूरहून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांकडे निघालेल्या मंडळींना विचारा, नेटवर्क स्विचांची खरी माहिती कुठे असते? एक्सेलच्या ‘फायनल-नवीन-२’ फाइलीत. त्याहून खरी? गावी गेलेल्या सीनियरच्या डोक्यात.

खरं तर फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट २००५ पासून फुकट आहे. व्हीलॅन, आयपी, पोर्ट सगळं साध्या मजकुरात त्यात ठेवायचं, बदल दुसऱ्याने तपासायचा, मग अन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाने कॉन्फिग स्विचवर चढवायचं. कोणी, कधी, काय बदललं, सगळं नोंदलेलं. इथेच तर गोची आहे! ‘मी हात लावलाच नाही, साहेब’ ही पिढीजात सोयच जाते.

मग तोडगा निघतो. रात्री स्विचवर हाताने बदल, गिटमध्ये ‘उद्या टाकू’. उद्या यंत्रणा इमानेइतबारे जुनंच कॉन्फिग परत चढवते आणि शिव्या खातं ऑटोमेशन.

यंत्रणाही देव नव्हे, म्हणा. ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या एका कमांडने फेसबुकचं अख्खं जाळं तुटलं. ती अडवायला ठेवलेल्या तपासणी-प्रोग्रॅममध्येच बग होता. त्यांचंच व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद, चेंबूरच्या सोसायट्यांचे ग्रुप रात्री नऊपासून चिडीचूप.

तेव्हा गिट जरूर आणा, पण आधी सीनियरकडून स्विचचा पासवर्ड काढून घ्या.