अस्वलाच्या पंगतीत गळ टाकताना

ज्यांना मासा खायचा आहे त्यांनी बाजार गाठावा. भरपूर खर्च करून पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याइतके वैराग्य ज्यांना आले आहे, अशा साधकांसाठीच हे मार्गदर्शन आहे.

क्षेत्र : अलास्कातल्या काटमाई राष्ट्रीय उद्यानातली ब्रुक्स नदी. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. तिथवर रस्ता नाही. अँकोरेजहून विमानाने किंग सॅल्मन गावी जावे आणि पुढे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानात बसावे. ते बीव्हर जातीचे निघाल्यास वैमानिकाला विमानाचे वय विचारू नये. या विमानांचे उत्पादन 1967 सालीच थांबले. तुमचे वजन मात्र तो विचारील, तेव्हा खरे सांगावे. बुटांचे तळवे नमद्याचे नसावेत. त्यात चिकटून परके जीवजंतू नदीत येतात, म्हणून 2012 साली अलास्कात त्यांना बंदी घातली गेली.

उतरताच शाळेत बसावे लागते. विषय एकच, अस्वल. त्याच्यापासून निदान 50 यार्ड, म्हणजे साधारण 45 मीटर, दूर राहावे. हा वर्ग अस्वलांसाठी भरत नाही, याची नोंद घ्यावी. खिशात शेंगदाण्याचा लाडू ठेवून नदीवर जाऊ नये.

आता आमिष. गांडूळ, कणीक, कोळंबी सारे वर्ज्य. गळाला पिसे आणि केस गुंडाळून केलेली खोटी माशीच चालते. माशी म्हटल्यावर नाजूक पंख डोळ्यांपुढे येतील. ते विसरावेत. जुलैत सॉकाय सॅल्मन समुद्रातून नदीत शिरतात, अन्न सोडतात, अंडी घालतात आणि मरतात. इथला रेनबो ट्राउट आधी त्यांची अंडी खातो, मग कुजलेले मांस. त्यामुळे जातिवंत गळवाला रात्री दिव्याखाली बसून, सशाच्या फिक्या कातडीची पट्टी बांधत, सडक्या मांसाचा हुबेहूब तुकडा घडवतो. या कलाकृतीला ‘फ्लेश फ्लाय’ म्हणतात. रंग जितका मेलेला, तितकी कारागिरी थोर. घरच्यांना दाखवू नये.

अस्वल जवळ येऊ लागले की दोरी गुंडाळून बाजूला व्हावे. गळाला मासा असेल तर दोरी तोडावी. दोरीवर तडफडणारा मासा आयता मिळतो हे अस्वलाला एकदा कळले, की पुढच्या प्रत्येक गळवाल्याकडे ते वाढप्याकडे पाहावे तसे पाहणार.

ट्राउट हाती आलाच तर आधी हात ओले करावेत. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच धरावे आणि शेपटी जोर धरू लागली की सोडावे. मालवणी साधकांनी या वेळी तिरफळाचा विचार मनात आणू नये. फोटो काढायचा तर झटकन.

परतीचे विमान धुक्याच्या मर्जीने येते. पुढचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये.